सूर्यशक्तीवर चालणारा बिनतारी कॅमेरा आणि वन्यप्राण्यांची नोंद



गावाच्या शिवारात बिबट्या दिसल्याची वार्ता शाळेत पोचते ती बहुधा मुलांच्या तोंडून. पहिल्या तासाला एक बिबट्या असतो, मधल्या सुट्टीपर्यंत त्याचे दोन होतात आणि शाळा सुटताना मादी, तिची पिल्ले व ‘बिबट्या कसला, वाघच असावा’ येथवर मजल गेलेली असते. यात हसण्यासारखे काही नाही. ज्या वस्तीवरून मूल उसाच्या फडालगतच्या पायवाटेने एकटे शाळेला येते, त्या वस्तीवरील आईबापांच्या दृष्टीने बिबटे किती आहेत व कोणत्या वाटेने, कोणत्या वेळी फिरतात हे कळणे ही जिवाची बाब आहे. पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत बालकांसह माणसांचे बळी गेले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. अशा वेळी गावकरी गुरुजींना दोन प्रश्न विचारतात. मुले शाळेत पाठवावीत की नाही, हा एक. आणि पिंजरा लावण्यासाठी अर्ज लिहून द्याल काय, हा दुसरा.

या दोहोंचे उत्तर माहितीवाचून देता येत नाही. पिंजऱ्याच्या बाबतीत जुन्नर परिसराचा अनुभव बोलका आहे. तेथे २००१ पासून काही वर्षे बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडण्याचा क्रम चालला होता. हा क्रम सुरू झाल्यानंतर माणसांवरील हल्ल्यांची वार्षिक सरासरी ४ वरून १७ वर गेली, असे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. पकडलेला बिबट्या हाच उपद्रवी होता काय, त्याची जागा दुसऱ्या कोणी घेतली, सोडलेला प्राणी कोठे गेला, या प्रश्नांचा उलगडा नुसत्या पिंजऱ्याने होत नाही. याच अभ्यासकांनी अकोले तालुक्याच्या खोऱ्यात स्वयंचलित कॅमेरे लावून केलेली मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. जेथे दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे राहतात, अशा त्या शेतीच्या मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आणि जवळजवळ तितकेच तरस असल्याचे आढळले. म्हणजे ज्याला गावकरी ‘आलेला’ बिबट्या म्हणतात तो पुष्कळदा आलेला नसतो. तो तेथेच राहत असतो आणि त्या दिवशी फक्त दिसलेला असतो.

माणसाने स्वतः मचाणावर बसून ही माहिती मिळवू म्हटले तर ते फारसे साधत नाही. माणसाचा वास व चाहूल लागताच प्राणी वाट बदलतो, आणि ज्या घटकेला तो फिरतो त्या घटकेला माणसाचे डोळे मिटू लागतात. म्हणून प्राण्याकडूनच त्याचे छायाचित्र काढवून घेण्याची युक्ती शोधण्यात आली. भारतात एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात हिमालयाच्या पायथ्याच्या वनांत वाघाच्या वाटेवर तार ताणून, त्या तारेला पाय लागताच कॅमेऱ्याची कळ दाबली जाईल व प्रकाशाचा झोत पडेल अशी योजना केली. त्या काळी एका रात्रीत एक चित्र मिळाले तरी भाग्य समजत. पुढे तारेची जागा उष्णतेची चाहूल घेणाऱ्या संवेदकाने घेतली, आणि १९९५ साली उल्हास कारंथ यांनी नागरहोळे येथील वाघांची संख्या अशा चित्रांवरून काढण्याची रीत प्रसिद्ध केली. २०१८-१९ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख छायाचित्रे जमा झाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. हजारी दोनाहून थोडी अधिक! बाकीच्या चित्रांत हरणे, डुकरे, गुरे, माणसे आणि वाऱ्याने हललेले गवत होते.

या सर्व कॅमेऱ्यांत एक अडचण होती. चित्रे आतल्या चिपवर साठत, आणि ती आणण्यासाठी कोणीतरी तेथवर चालत जावे लागे. पंधरा दिवसांनी गेलेल्या माणसाला कळे की, कॅमेरा बाराव्या दिवशीच बंद पडला होता. आणि त्याच्या येण्याजाण्याने त्या जागेची शांतता भंगे ती निराळीच. चित्र बिनतारी मार्गाने गावात यावे आणि बॅटरी बदलण्यासाठीही कोणाला जावे लागू नये, यासाठी कॅमेऱ्याला सौर पॅनेल व संदेश धाडणारे यंत्र यांची जोड देण्यात आली. हे साहित्य आता तालुक्याच्या बाजारातही मागवून मिळते व शाळांना देणगीदाखलही येते. परंतु ते झाडाला बांधून मोकळे होण्याइतके सोपे नाही. खोक्यावर ‘सहा महिने चालते’ असे छापलेले असते. ते विधान खोटे नसते. कोणत्या रानात व कोणत्या महिन्यात, एवढेच तेथे छापायचे राहून गेलेले असते.

म्हणून आरंभ हिशेबापासून करावा. हा हिशेब सहावी-सातवीच्या मुलांना येण्याजोगा आहे, व तो त्यांच्याकडूनच फळ्यावर करवून घेणे अधिक चांगले. एक वॅटचा दिवा एक तास जळाला की एक वॅट-तास वीज खर्ची पडते. घरच्या बिलातील एक युनिट म्हणजे असे एक हजार वॅट-तास. समजा, अखंड पाहत राहणारा, चलच्चित्र पाठवणारा एक कॅमेरा लावावयाचा आहे. तो दिवसा ४ वॅट घेतो, रात्री अदृश्य प्रकाशाचे दिवे लागल्यामुळे ८ वॅट घेतो, आणि संदेश धाडणारे यंत्र अहोरात्र ३ वॅट घेते. तर बारा तासांचे ४८, बारा तासांचे ९६ आणि चोवीस तासांचे ७२, मिळून दिवसाला २१६ वॅट-तास झाले. आता मिळकतीची बाजू पाहावी. दिवस बारा तासांचा असला तरी पूर्ण ताकदीच्या उन्हाचे तास उन्हाळ्यात पाचएक धरावे लागतात. धूळ, उष्णता व बॅटरीत होणारी घट यांसाठी एक तृतीयांश वजा केला तर सुमारे ६५ वॅटचे पॅनेल हवे. आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर उन्हाचे तास निम्म्यावर, कित्येक दिवस त्याहूनही खाली येतात. तेव्हा १३० वॅटचेही पुरे पडेलच असे नाही. शिवाय तीन दिवस सूर्य दिसला नाही तरी काम चालावे अशी इच्छा असेल, तर ६४८ वॅट-तास शिलकीत हवेत. लिथियम जातीच्या बॅटरीतून पाच भागांपैकी चार भाग वापरता येतात असे धरले तर ती ८१० वॅट-तासांची घ्यावी लागेल. शिसे-आम्लाची घेतली, तर निम्मीच वापरणे हितावह असल्याने सुमारे १,३०० वॅट-तासांची लागेल. तिचे वजन तीस किलोच्या आसपास भरते, आणि ती डोंगरावर कोणीतरी डोक्यावरून न्यावयाची असते.

याउलट, झोपलेला कॅमेरा पाहावा. प्राण्याच्या उष्णतेची चाहूल लागली तरच तो जागा होतो, एक चित्र काढतो, ते पाठवतो व पुन्हा झोपी जातो. झोपेत तो ०.०२ वॅट घेत असेल तर दिवसाचा अर्धा वॅट-तास झाला. एक चित्र काढून पाठवण्यास ५ वॅटप्रमाणे चाळीस सेकंद लागले, तर त्याचा खर्च वॅट-तासाच्या अठराव्या भागाइतका येतो. दिवसाला तीस चित्रे धरली तरी एकूण खर्च सव्वादोन वॅट-तासांच्या आत राहतो. २१६ कोठे आणि सव्वादोन कोठे! वहीच्या पुठ्ठ्यापेक्षा लहान पॅनेल त्यास पुरते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, प्रत्येक यंत्राचे निराळे असतील. परंतु जागे राहण्याची किंमत झोपेच्या सुमारे शंभरपट असते, हे प्रमाण ध्यानात राहिले म्हणजे पुढील बहुतेक निर्णय आपोआप ठरतात. दूरच्या पाणवठ्यावर वा पायवाटेवर झोपणारा कॅमेराच लावावा.

तथापि हा झोपणारा कॅमेरा नको त्या कारणाने जागा होऊ लागला तर सारा हिशेब कोलमडतो. त्याचा संवेदक प्राणी ओळखत नाही. समोरच्या भागातील उष्णतेत एकाएकी झालेला फरक तेवढा त्याला समजतो. उन्हाने तापलेले गवत वाऱ्याने डोलू लागले की तो दचकून उठतो. एका वादळी दुपारी अशी दोन हजार चित्रे निघाली, तर वरच्या हिशेबाने १११ वॅट-तास, म्हणजे पन्नास दिवसांची शिदोरी, एका दिवसात संपू पाहते. बॅटरी अर्थातच त्याआधीच मान टाकते. मग रात्री बिबट्या समोरून गेला तरी त्याची नोंद होत नाही. म्हणून समोरचे चार-पाच मीटर गवत व लोंबणाऱ्या डहाळ्या विळ्याने काढून टाकणे ही हौसेची साफसफाई नव्हे. ती विजेची बचत आहे. याच्या उलट दोषही याच संवेदकात आहे. विदर्भ-खानदेशात वैशाखातील दुपारी हवा व जमीन प्राण्याच्या अंगाइतकीच किंवा त्याहून अधिक तापते, आणि मग फरकच न उरल्यामुळे समोरून गेलेली नीलगायही त्याला जाणवत नाही. तेव्हा मे महिन्यात ‘दुपारी पाण्यावर कोणी येत नाही’ असा निष्कर्ष केवळ चित्रांवरून काढणे धोक्याचे आहे.

जागा निवडताना माणसाच्या सोयीपेक्षा प्राण्याच्या पायांकडे पाहावे. बिबट्या मोठा असला तरी काट्याकुट्यातून उगाच हिंडत नाही; बैलगाडीची चाकोरी, बांध, ओढ्याचे कोरडे पात्र, कालव्याचा काठ अशा मळलेल्या वाटा त्यालाही आवडतात. तेथल्या मऊ मातीत पंजाचे ठसे, वाटेच्या कडेला पडलेली विष्ठा, झाडाच्या बुंध्यावरील नख्यांचे ओरखडे यांची पाहणी आधी करावी. ज्या गुराख्यांच्या मुलांना शाळेत आकडेमोड जमत नाही म्हणून बोलणी खावी लागतात, तीच मुले या कामी गुरुजींचे गुरू ठरतात. कॅमेरा वाटेपासून तीन-चार मीटर दूर, गुडघ्याइतक्या उंचीवर बांधावा. वर बांधला तर पाठच दिसते, अंगावरील ठिपके दिसत नाहीत. प्राणी सरळ कॅमेऱ्याकडे चालत आला तर संवेदक उशिरा जागा होतो, आणि आडवा गेला तर लवकर. म्हणून वाट समोरून आडवी जाईल किंवा थोडी तिरपी राहील असे करावे. तोंड पूर्वेस वा पश्चिमेस करू नये, कारण उगवता व मावळता सूर्य थेट काचेत शिरतो, आणि प्राण्यांच्या येण्याजाण्याच्या नेमक्या त्याच वेळा असतात. उत्तराभिमुख ठेवणे उत्तम. रात्रीचे दिवे दोन प्रकारचे येतात. एकात लालसर ठिणगी दिसते पण उजेड दूरवर जातो. दुसऱ्यात काहीच दिसत नाही, मात्र पल्ला कमी असतो. जेथे माणसांचीही वर्दळ आहे तेथे दुसरा प्रकार बरा, कारण लाल ठिणगी बिबट्यापेक्षा चोराला लवकर दिसते.

येथे एक विरोध उभा राहतो, आणि जोडणी फसते ती बहुधा येथेच. कॅमेऱ्याला सावली हवी व पॅनेलला ऊन हवे. सूर्यप्रकाशात तापणाऱ्या पेटीत बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते आणि संवेदकही फसतो. तर पॅनेलवर एक डहाळी आडवी पडली तरी नुकसान त्या डहाळीच्या सावलीपुरते राहत नाही, कारण आतील घट एकामागून एक जोडलेले असतात व एकाचा ओघ अडला की साऱ्यांचा अडतो. म्हणून दोहोंना एकाच खोडाला बांधण्याचा मोह टाळावा. पॅनेल पाच-दहा मीटर दूर, उघड्यावर खांब रोवून त्यावर बसवावे व केबल नळीतून आणावी; उघडी केबल उंदीर व खारी कुरतडतात, आणि वानरे ती झोका समजून ओढतात. पॅनेलचे तोंड दक्षिणेस असावे. कल गावाच्या अक्षांशाइतका, म्हणजे महाराष्ट्रात सोळा ते बावीस अंशांच्या दरम्यान ठेवावा. कंपासपेटीतील कोनमापकाने व ओळंब्याने तो मुलांना मोजता येतो. मे महिन्यात व पुन्हा जुलै-ऑगस्टमध्ये शून्य सावलीचे दिवस येतात, तेव्हा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो, आणि त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात तो चक्क उत्तरेकडे झुकतो. मग दक्षिणेकडचा कल का, असे एखादा चौकस मुलगा विचारील. वर्षातील उरलेले बहुतेक महिने सूर्य दक्षिणेकडेच असतो हे एक उत्तर, आणि कल दिला की धूळ व पाने पावसाने धुऊन जातात हे दुसरे. सागाच्या रानात फेब्रुवारीत जागा पाहिली तर सर्वत्र ऊन दिसते. त्याच जागी जुलैत मोठ्या पानांचे छत झालेले असते. म्हणजे ऊन कमी असण्याच्या दिवसांतच सावली सर्वांत दाट. जागा पाहताना त्या झाडाला पान फुटल्यावर काय होईल, याची कल्पना करूनच खांब रोवावा.

चित्र गावात आणण्याचे मार्ग प्रामुख्याने दोन. जेथे मोबाइलचे जाळे पोचते तेथे कॅमेऱ्यातच सिमकार्ड घालतात. जाळे आहे की नाही हे उंच खडकावर उभे राहून पाहू नये. फोन कॅमेऱ्याच्या जागी, गुडघ्याच्या उंचीवर धरून पाहावे. तेथे क्षीण असेल तर अँटेना केबलने वर झाडावर नेता येते. जेथे मोबाइल नाही, तेथे डोंगरावरील कॅमेऱ्यापासून शाळेच्या गच्चीपर्यंत दोन दिशादर्शक अँटेनांनी वाय-फायची सरळ रेषा साधता येते; मात्र ही दोन टोके एकमेकांना खरोखर दिसली पाहिजेत. मध्ये झाडी आली, आणि विशेषतः पावसाने भिजलेली पाने आली, की लहरी शोषल्या जातात. उन्हाळ्यात उत्तम चाललेला दुवा जूनमध्ये तुटतो, तो यामुळे. ‘लोरा’ नावाची तिसरीही पद्धत आहे, भारतात ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परवान्यावाचून वापरता येते व अत्यल्प विजेवर मैलोगणती पोचते. पण तिच्यावरून चार शब्दांची तार जाते, चित्र जात नाही. ‘बॅटरी ठीक, आज चार वेळा जागा झालो’ एवढे कळवण्यास ती पुरेशी आहे. कॅमेऱ्यातच प्राणी ओळखून, केवळ हवे ते चित्र धाडण्याचाही प्रयोग झाला आहे. मध्य प्रदेशातील कान्हा-पेंच दरम्यानच्या वनपट्ट्यात २०२२ साली असे कॅमेरे लावण्यात आले. वाघ दिसल्यापासून चित्र वनकर्मचाऱ्याच्या हाती पडेपर्यंत मिनिटभराहूनही कमी वेळ लागे. शाळेच्या आवाक्यातील यंत्राकडून इतकी तत्परता अपेक्षू नये.

पावसाळ्याबद्दल थोडेच सांगावयाचे. केबल पेटीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ देऊन मग वर घ्यावे, म्हणजे ओघळणारे पाणी झोळातूनच गळून जाते. भोक पेटीच्या तळाशी असावे, माथ्यावर नव्हे. आत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात. मुंग्यांना अशी कोरडी, उबदार पेटी फार प्रिय असते. पट्ट्याला व केबलला थोडे ग्रीस लावले तर त्या चढत नाहीत.

इतके सर्व यथास्थित झाल्यावर जे चित्र येते ते सर्वांना दिसते. न आलेल्या चित्राचा अर्थ मात्र कोणी लावत नाही. शिक्षकांना हा भेद परिचयाचा आहे. हजेरीपत्रकातील ‘गैरहजर’ हा शेरा आणि हजेरीच न घेतल्यामुळे कोरी राहिलेली चौकट, या दोन गोष्टी एक नव्हेत. चार रात्री बिबट्याचे चित्र आले नाही, म्हणून ‘गेला तो, पाठवा मुलांना ओढ्याच्या वाटेने’ असे म्हणणाऱ्याने आधी विचारले पाहिजे की, त्या चार रात्री कॅमेरा जागा होता काय? ढगांमुळे बॅटरी उतरली असेल, कोळ्याने काचेवर जाळे विणले असेल, जनावराने अंग घासून कॅमेऱ्याचे तोंड आभाळाकडे केले असेल, किंवा सिमचे पैसे संपले असतील. म्हणून कॅमेऱ्याला रोज हजेरी द्यावयास लावावी. बहुतेक यंत्रांत ठराविक वेळी आपोआप एक चित्र काढून पाठवण्याची सोय असते. दुपारी बारा वाजता एक चित्र व त्यासोबत बॅटरीचा आकडा यावा, अशी योजना करावी. ते चित्र रिकाम्या वाटेचेच असेल, आणि म्हणूनच ते मोलाचे आहे: काच स्वच्छ आहे, तोंड वाटेकडेच आहे, वीज आहे, संदेश पोचतो आहे, हे चारही त्यातून कळते. मात्र रात्रीचे दिवे व संवेदक ठीक आहेत की नाही हे त्यातून कळत नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा वनरक्षकाने वा जबाबदार प्रौढाने संध्याकाळ होण्यापूर्वी सोबत घेऊन जावे, कॅमेऱ्यासमोरून चालून पाहावे व अंधार पडण्याच्या आत परतावे. दिव्यांची परीक्षा काचेवर फडके धरूनही घेता येते.

नोंदवहीत रोज एक ओळ असावी. तारीख, बाराची हजेरी आली की नाही, बॅटरीचा आकडा, आलेली चित्रे, त्यांतील प्राणी व वेळ. ज्या दिवशी हजेरी नाही, त्या दिवसापुढे ‘प्राणी नाही’ असे न लिहिता ‘यंत्र बंद’ असे तांबड्या शाईने लिहावे. महिनाअखेर ‘तीस रात्रींपैकी सहा रात्री बिबट्या’ असे सांगणे, आणि ‘कॅमेरा जागा असलेल्या अठरा रात्रींपैकी सहा रात्री बिबट्या’ असे सांगणे, यांत पालकांच्या दृष्टीने केवढा फरक पडतो! पहिल्यात पाच रात्रींतून एकदा, दुसऱ्यात तीन रात्रींतून एकदा. कुत्री, मांजरे, डुकरे यांच्याही नोंदी टाळू नयेत. अकोले भागातील बिबट्यांच्या आहारात पाळीव व भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा असल्याचे आढळले आहे. शालेय पोषण आहाराचे उरलेले अन्न कुंपणामागे पडत असेल व रात्री तेथे दहा कुत्री जमत असतील, तर ती दहा कुत्री कॅमेऱ्यात दिसणे हीच बिबट्याच्या चित्राहून अधिक उपयोगाची माहिती होय. कारण तिच्यावर इलाज शाळेच्या हाती आहे.

एका कॅमेऱ्याने बिबटे मोजता येतात, असे मात्र कोणी समजू नये. मोजणीची रीत वर्गात चिंचोक्यांनी समजावता येईल. मडक्यात मूठमूठ चिंचोके टाकावेत, न मोजता. त्यांतून वीस काढून त्यांवर खडूची खूण करावी व परत टाकून मडके हलवावे. मग तीस काढावेत. त्यांत सहा खुणेचे निघाले, तर तिसांत सहा म्हणजे पाचांत एक; वीस खुणेचे हा जर एकूण संख्येचा पाचवा भाग असेल, तर मडक्यात सुमारे शंभर चिंचोके आहेत. नंतर ते खरोखर मोजावेत. एखाद्या गटाचे उत्तर नव्वद येईल, दुसऱ्याचे एकशे पंधरा. ते का, याची चर्चा होऊ द्यावी. बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची मांडणी हीच त्याची खूण, ती कोणा दोघांची सारखी नसते. पण डाव्या व उजव्या कुशीची मांडणीही एकसारखी नसते, म्हणून अभ्यासक वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, व अशा पुष्कळ जागा एकाच वेळी घेतात. त्यांचे गणित चिंचोक्यांपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे असले तरी मूळ तेच आहे. शाळेचा एक कॅमेरा एका वाटेबद्दल बोलतो. तेवढेच त्याच्याकडून घ्यावे.

कॅमेऱ्यासमोरून प्राण्यांपेक्षा माणसे अधिक जातात, याचा विचार अगोदर व्हावा. सरपणासाठी, पाण्यासाठी, प्रातर्विधीसाठी बाया त्याच वाटांनी जातात. उत्तराखंडातील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात वन्यप्राण्यांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे स्त्रियांच्या वावरण्यावर, मोकळेपणाने गाणी म्हणत जाण्यावरही कशी बंधने आली, हे केंब्रिज विद्यापीठातील अभ्यासकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मांडले आहे; एका असहाय स्त्रीचे नको त्या अवस्थेतील चित्र तेथे लोकांत फिरवले गेले होते. गाणी म्हणत, बोलत जाणे ही रानातून चालणाऱ्याची जुनी सावधगिरी. कॅमेऱ्याच्या धास्तीने ती सुटली, तर जे संकट टाळावयाचे तेच जवळ येते. म्हणून कॅमेरा लावण्यापूर्वी ग्रामसभेत आणि त्याहून आधी स्त्रियांच्या बैठकीत जागा सांगावी. ‘तेथे नको’ असे त्या म्हणाल्या तर कारण न विचारता जागा बदलावी. वाटेच्या दोन्ही टोकांना पाटी असावी. माणसांची चित्रे त्याच दिवशी पुसून टाकावीत. बिबट्याचे चित्रही गावाच्या व्हॉट्‌सअ‍ॅप गटावर न टाकता आधी वनरक्षकाकडे जावे, कारण चित्रासोबत जागाही कळते, आणि जागा कळली की तरुणांचे घोळके तेथे बॅटऱ्या घेऊन पोचतात.

वनजमिनीवर वन खात्याच्या लेखी परवानगीवाचून कॅमेरा लावू नये. शाळेच्या आवारात वा कोणाच्या मळ्यात मालकाच्या संमतीने लावला तरी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना कळवावे. प्राणी यावा म्हणून समोर कोंबडी वा मांस ठेवणे सर्वस्वी वर्ज्य आहे. बिबट्या वस्तीत शिरला, विहिरीत पडला, वा फडात पिल्ले आढळली, तर खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. कॅमेरा हा पहारेकरी नव्हे. चित्र दहा मिनिटांनीही येते, सकाळीही येते. मुलांनी घोळक्याने यावे, दिवस मावळण्यापूर्वी घरी पोचावे, फडालगतची वाट रुंद व साफ असावी, या गोष्टी कॅमेरा असला तरी चालू राहतात. कोणत्या वाटेने व किती वाजता हे ठरवण्यास मात्र नोंदवहीचा आधार घेता येतो, आणि हिवाळ्यात शाळा अर्धा तास आधी सोडावी काय, हा प्रश्न शाळा व्यवस्थापन समितीपुढे मांडताना गुरुजींच्या हाती अफवेऐवजी आकडा असतो.

राहता राहिली सिमकार्डाची बाब. ते उत्साही शिक्षकाच्या स्वतःच्या नावावर घेतले जाते व पुनर्भरणा त्याच्याच खिशातून होत असते. मे महिन्यात त्याची बदली होते, आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा मुका होतो. पॅनेल ठीक, बॅटरी ठीक, पण संदेश नाही. तेव्हा सिम व्यवस्थापन समितीच्या नावे घ्यावे, खर्च वर्षाच्या आरंभीच समितीच्या ठरावात नमूद करावा, आणि कॅमेऱ्याचा संकेतशब्द नोंदवहीसोबत मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवावा. कार्यभार सोपवताना इतर दप्तराबरोबर हे पाकीटही यादीत लिहून द्यावे.